धान्याच्या मोलाने घेतलेले लोखंड

मॉस्कोच्या पूर्वेस, क्ल्याझ्मा नदीच्या काठी, झुयेवो नावाचे एक खेडे होते. तेथील सावा वासिल्येविच मोरोझोव्ह नावाच्या एका भूदासाने १८२० साली आपल्या धन्याला सतरा हजार रूबल मोजून स्वतःला विकत घेतले. हा मनुष्य रेशमी फिती विणीत असे. विणलेला माल पाठीशी बांधून तो मॉस्कोपर्यंत पायी जाई अशी आख्यायिका आहे, आणि १८१२ साली नेपोलियनच्या स्वारीत मॉस्को जळून तेथील कारखान्यांची राख झाल्यावर ज्या खेडवळ विणकरांचे दैव उघडले त्यांत याचाही समावेश होता. ज्याच्या पेटीत सतरा हजार रूबल आहेत असा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याची चीजवस्तू असावा आणि त्याने आपल्याच घामाच्या पैशाने आपलेच खरेदीखत करून घ्यावे, हा प्रकार आपल्याला अद्भुत वाटतो. परंतु त्या काळच्या रशियात त्यात अद्भुत असे काही नव्हते. विशेष एवढाच की सावाला ही खरेदी परवडली. बाकीच्या कोट्यवधींना ती पुढे सरकारने उधारीवर करून दिली.

ही उधारीची खरेदी म्हणजेच १९ फेब्रुवारी १८६१ चे सुप्रसिद्ध भूदासमुक्तीचे फर्मान. (या लेखातील रशियातल्या घटनांच्या तारखा जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे आहेत, ते पंचांग युरोपच्या मागे चालत असे.) क्रिमियाच्या युद्धात आपल्याच भूमीवर पराभूत झालेल्या, आणि ज्या रणांगणावर इंग्रज-फ्रेंचांची कुमक जहाजांनी पोहोचली तेथे स्वतःचे सैन्य व दारूगोळा चिखलातून बैलगाड्यांनी ओढावा लागलेल्या झारशाहीला, आपले मागासलेपण आता केवळ लाजिरवाणे नसून प्राणघातक आहे हे कळून चुकले होते. दुसऱ्या अलेक्झांडरच्या सहीने सुमारे सव्वादोन कोटी खासगी भूदास स्वतंत्र झाले. या घटनेचा अभ्यास आपल्याकडे माधवराव रानडे यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात केला होता, हे आज फारसे कोणाला स्मरत नाही. परंतु फर्मानाच्या उदात्त प्रस्तावनेखाली जो हिशेब मांडला होता तो सावकाराच्या खातेवहीतला होता. जमिनीचा मोबदला सरकारने उमरावांना रोख्यांच्या रूपाने द्यावा आणि तो शेतकऱ्यांनी व्याजासह एकोणपन्नास वर्षांत फेडावा, असा ठराव झाला; जमिनीचे मोल बहुतेक ठिकाणी बाजारभावाहून चढे लावले गेले, आणि वहिवाटीतल्या जमिनीतून चांगले तुकडे कापून उमरावांनी स्वतःकडे ठेवून घेतले. हप्त्यांची हमी एकेका शेतकऱ्याची नव्हे, तर ‘मीर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अख्ख्या ग्रामसंस्थेची. एकाने थकवले तर बाकीच्यांनी भरावे अशी ही सामुदायिक जामिनकी असल्यामुळे गाव सोडून जाणारा प्रत्येक मनुष्य म्हणजे मागे राहिलेल्यांच्या डोक्यावरचा वाढीव बोजा; म्हणून गावाच्या संमतीने मिळणाऱ्या परवान्यावाचून कोणालाही शहराची वाट धरता येत नसे. धन्याची साखळी तुटली आणि तिच्या जागी शेजाऱ्यांची दावण आली. उद्योगांना जो मोकळा मजूर लागतो तो या मुक्तीने निर्माण झाला नाही. निर्माण झाला तो परवान्यावर सुटलेला, गावाचे देणे खांद्यावर घेऊन फिरणारा, अर्धा शेतकरी आणि अर्धा कामगार.

आगगाड्या मात्र झपाट्याने आल्या. त्यांच्यासाठी लागणारे रूळ प्रथम परदेशातून येत. ते देशातच व्हावेत या इच्छेपायी सरकारने जे मक्ते दिले त्यांतला एक वेल्सच्या मर्थिर टिडफिल गावच्या जॉन ह्यूज याला मिळाला. या गृहस्थाला धड लिहिता येत नसे असे म्हणतात. १८७० साली शंभराच्या आसपास वेल्श कारागीर बरोबर घेऊन तो दोनेत्स नदीच्या दक्षिणेकडील उजाड गवताळ माळावर उतरला, आणि थोड्याच वर्षांत तेथे कोळशाच्या खाणी, धगधगत्या भट्ट्या, इंग्रज पद्धतीच्या चाळी व त्यांच्याभोवती चिखलात रुतलेली रशियन मजुरांची वस्ती असे एक गाव उभे राहिले. त्याचे नाव ह्यूजच्या नावावरून रशियन उच्चाराने यूझोव्का असे पडले. तेच आजचे दोनेत्स्क. पुढे १८८४ साली नीपर नदीवर पूल बांधून दोनेत्सचा कोळसा आणि क्रिवोई रोगचे लोहखनिज यांची रेल्वेने गाठ घालण्यात आली, तेव्हा शतकानुशतके लाकडी कोळशावर चालत आलेल्या उरल पर्वतातील भट्ट्यांचे वैभव ओसरू लागले, आणि शतक संपता संपता देशातले अर्ध्याहून अधिक लोखंड या दक्षिणेच्या माळरानावर निघू लागले.

एवढ्या सगळ्याला पैसा कोठून आला? याचे उत्तर यूझोव्काच्या माळावर नाही. ते व्होल्गाकाठच्या धान्याच्या कोठारांत शोधावे लागते. १८८७ साली इव्हान विश्नेग्राद्स्की अर्थमंत्री झाला. गणिताचा व यंत्रशास्त्राचा हा प्राध्यापक हिशेबाला चोख होता. परदेशी कर्ज स्वस्तात मिळवायचे तर खजिन्यात सोने हवे, सोने हवे तर निर्यात वाढली पाहिजे, आणि रशियाजवळ निर्यात करण्याजोगे मुख्य काय तर धान्य. सारा व हप्ते यांचा तगादा नेमका सुगीच्या तोंडावर लावला की शेतकऱ्याला धान्य पडत्या भावात विकावेच लागे. तेच धान्य ओडेसाच्या बंदरातून पश्चिमेला जाई, आणि वसंत ऋतूत कणगी रिकामी झाली की तोच शेतकरी चढ्या भावाने दाणे विकत घेई. आपण पोटाला चिमटा घेऊ पण धान्य बाहेर पाठवू, अशा अर्थाचे एक वाक्य या मंत्र्याच्या नावावर प्रसिद्ध आहे. त्यातले ‘आपण’ हे सर्वनाम किती सैल होते ते १८९१ साली दिसले. त्या वर्षी व्होल्गाच्या आणि काळ्या मातीच्या प्रांतांत पीक बुडाले. राय या धान्याच्या निर्यातीवर बंदी घालण्याचा हुकूम निघाला तोही मुदत देऊन, त्यामुळे व्यापाऱ्यांनी त्या मुदतीत मिळेल तेवढे धान्य घाईघाईने देशाबाहेर काढले. दुष्काळाच्या पाठोपाठ पटकी व टायफस आले आणि सुमारे चार लाख माणसे मेली. वृद्धत्वाकडे झुकलेला टॉलस्टॉय रियाझान प्रांतात अन्नछत्रे चालवीत हिंडत होता. आणि त्याच वर्षी खजिन्याच्या हितासाठी परदेशी मालावर एक जबर जकातपत्रकही अमलात आले होते. विश्नेग्राद्स्की १८९२ मध्ये पदावरून दूर झाला. त्याच्या गादीवर जो मनुष्य बसला त्याने धोरण बदलले नाही, त्याचे शास्त्र बनवले.

सेर्गेई युल्येविच विट्टे हा तिफ्लिसमध्ये १८४९ साली जन्मलेला, ओडेसाच्या विद्यापीठात गणित शिकलेला, आणि तिकिटे विकण्यापासून रेल्वेचे प्रत्येक काम हाताने केलेला धिप्पाड, खडबडीत बोलीचा माणूस. पीटर्सबर्गच्या दरबारी मंडळींना त्याच्या चालण्याबोलण्याची किळस येई, आणि त्याने एका घटस्फोटित यहुदी स्त्रीशी लग्न केल्यावर त्यांना ती उघडपणे व्यक्त करण्याची सोय झाली. थिऑसॉफीच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की, ज्या १८७९ साली मुंबईत उतरून गिरगावात बिऱ्हाड करून राहिल्या होत्या, त्या या विट्टेच्या सख्ख्या मावसबहीण! एका आजोळी गुप्तविद्या आणि आगगाडी अशी दोन भिन्न वेडे निघावीत, याला योगायोगच म्हणायचे. विट्टेचे भाग्य उजळले ते एका अपघाताने. बादशाही गाडी इतकी जड आहे की एवढ्या वेगाने ती नेणे धोक्याचे आहे, असे त्याने नैऋत्य रेल्वेचा व्यवस्थापक असताना राजाच्या लवाजम्याला तोंडावर सांगितले होते. तिसऱ्या अलेक्झांडरला ते रुचले नव्हते. पण १८८८ च्या ऑक्टोबरात खार्कोव्हजवळ बोर्की येथे ती गाडी खरोखरच रुळांवरून घसरली, वीसाहून अधिक माणसे ठार झाली, आणि कसाबसा वाचलेल्या झारला त्या उद्धट व्यवस्थापकाची आठवण झाली. सत्य बोलल्याबद्दल बढती मिळाल्याचे झारशाहीतले हे दुर्मिळ उदाहरण असावे. चार वर्षांच्या आत तो अर्थमंत्री झाला.

या रेल्वेवाल्याने मंत्री होण्यापूर्वी, १८८९ साली, जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख लिस्ट याच्यावर एक पुस्तिका लिहिली होती. मुक्त व्यापार ही इंग्लंडने स्वतः वर चढल्यावर लाथाडून दिलेली शिडी आहे, मागासलेल्या राष्ट्राने आपल्या बाल्यावस्थेतल्या उद्योगांना जकातीचे कुंपण घातलेच पाहिजे, हा लिस्टचा सिद्धांत. याच सुमारास, १८९२ मध्ये, पुण्यात डेक्कन कॉलेजात रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले त्यातही आधाराला लिस्टच होता. दोघांनी एकाच ग्रंथकाराकडून धडा घेतला. भेद इतकाच की एकाच्या हाती साम्राज्याचा खजिना होता आणि दुसऱ्याच्या हाती व्याख्यानपीठ. रशियाचे युरोपशी असलेले नाते हे वसाहतीचे मायदेशाशी असलेल्या नात्यासारखेच आहे, असे विट्टेने १८९९ मध्ये दुसऱ्या निकोलसला सादर केलेल्या गुप्त निवेदनात स्वच्छ लिहिले. मात्र रशिया ही स्वतंत्र आणि बलाढ्य सत्ता असल्याने ते नाते बदलण्याचा अधिकार व सामर्थ्य तिला आहे, अशीही पुस्ती त्याने जोडली.

ते नाते बदलण्यासाठी त्याने जे केले त्याचा पसारा थक्क करणारा आहे. १८९० साली देशात सुमारे तीस हजार किलोमीटर लोहमार्ग होते, ते १९०० पर्यंत सुमारे त्रेपन्न हजारांवर गेले. त्याच दहा वर्षांत ओतीव लोखंडाचे उत्पादन नऊ लाख टनांवरून एकोणतीस लाख टनांच्या घरात गेले. सैबेरियाच्या महामार्गाची पायाभरणी १८९१ च्या मे महिन्यात व्लादिव्होस्तोक येथे युवराज निकोलसच्या हस्ते झाली होती. पूर्वेच्या प्रवासाला निघालेला हा युवराज आदल्या डिसेंबरात मुंबईस उतरला होता, आणि जपानात एका माथेफिरू शिपायाच्या तलवारीचा वार झेलून तो त्या समारंभास पोहोचला होता. १८९७ मध्ये विट्टेने रूबल सोन्याशी जोडला, आणि फ्रान्समधल्या किरकोळ बचतदारांची शिल्लक रशियन रोख्यांत ओतली जाऊ लागली. दारूचा मक्ता सरकारने स्वतःकडे घेतला. शतक उलटल्यावर राज्याच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे चतुर्थांश भाग व्होडकाच्या बाटलीतून येऊ लागला. चहा, साखर, रॉकेल, आगकाड्या, तंबाखू, ज्या ज्या वस्तूला गरीब माणसाचा हात लागे तिच्यावर कर होता. म्हणजे शेतकऱ्याने धान्य विकून हप्ता भरावा, उरल्या पैशांत व्होडका घेऊन कर भरावा, आणि स्वदेशी लोखंडाला संरक्षण असल्यामुळे नांगराचा फाळ परदेशीपेक्षा महाग घ्यावा. हा कारखाना तिन्ही बाजूंनी त्याच्याच अंगावर उभा होता.

येथे बाकूची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तिच्या आरंभीच आपली देवनागरी आहे. कॅस्पियन समुद्राकाठी बाकूजवळ सुराखानी येथे, जमिनीतून आपोआप निघणाऱ्या ज्वालांभोवती हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी व बैराग्यांनी बांधलेले एक अग्निमंदिर आहे, आणि त्याच्या शिलालेखात गणेशाला वंदन करून विक्रम संवत १८०२ चा उल्लेख केलेला आढळतो. या देवस्थानाला लागूनच १८५९ साली व्हासिली कोकोरेव्ह या व्यापाऱ्याने तेलशुद्धीचा कारखाना घातला. पुढे १८७३ साली रॉबर्ट नोबेल हा बंदुकीच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचे लाकूड शोधायला त्या मुलखात गेला आणि लाकडाऐवजी तेलाच्या विहिरी घेऊन बसला. त्याचा भाऊ लुडव्हिग याने तेल वाहून नेणारी आगबोट बांधवली, तिचे नाव ठेवले ‘झोरोआस्टर’. सुराखानीचा पुजारी १८८० च्या सुमारास निघून गेला. १९०१ साली जगातले जवळजवळ अर्धे खनिज तेल रशियाचे, म्हणजे मुख्यतः बाकूचे होते, आणि बाटूमच्या बंदरात भरलेले रॉकेल सुवेझच्या कालव्यातून पूर्वेच्या बाजारांत येऊन अमेरिकन रॉकेलशी झुंजत होते. ज्या ज्वालेपुढे मुलतानचा व्यापारी हात जोडून उभा राहत असे तिचाच अंश डब्यात बंद होऊन त्याच्या देशात परत विकायला आला.

आता तो परवान्यावरचा मनुष्य पाहू. तो एकटा येत नसे. एका गावचे, एका तालुक्याचे लोक एकाच कारखान्याच्या दारात जमत, ‘आर्तेल’ नावाची टोळी करून एका भांड्यात शिजवत, आणि एका बराकीत फळ्यांच्या माचांवर, पुष्कळदा पाळीपाळीने, एकाच जागेवर झोपत. सुगीला व ईस्टरला गावी जायची ओढ असे; बायको-मुले गावाकडे, पगारातला भाग गावाकडे, आणि थकलेल्या हप्त्याबद्दलचा निरोपही गावाकडून. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून व कोकणातून आलेल्या माणसाचे जिणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. मात्र रशियातले कारखाने आकाराने फार मोठे असत, कारण ते लहानाचे मोठे झाले नव्हते, परदेशी यंत्रांसह एकदम मोठेच आले होते. ब्रेमेनचा लुडव्हिग क्नूप नावाचा व्यापारी लँकेशायरची यंत्रे आणि ती चालवणारे इंग्रज मिस्त्री यांचा मॉस्कोभोवतालच्या गिरण्यांना पुरवठा करीत होता. त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांत मोरोझोव्ह होते.

मोरोझोव्हांच्या निकोल्स्कोये येथील गिरण्या तोवर सावाचा मुलगा तिमोफेय याच्या हाती आल्या होत्या. हे घराणे जुन्या श्रद्धेचे, म्हणजे सतराव्या शतकातल्या धर्मसुधारणा अमान्य करून छळ सोसलेल्या पंथाचे. मितव्ययी, कर्मठ आणि कठोर. तिमोफेयने १८८२ पासून दोन वर्षांत पाच वेळा मजुरी कापली. दंडांचा तर उच्छाद होता: धागा तुटला दंड, उशीर झाला दंड, हे दंड कित्येकांच्या पगाराचा चौथा हिस्सा आणि त्याहूनही अधिक गिळीत, आणि ते मालकाच्याच तिजोरीत जात. भूदासाच्या मुलाने आपल्या कामगारांचा पगार कापण्यात जी कुशलता दाखवली ती बापाचे सतरा हजार घेणाऱ्या उमरावालाही साधली नसती. १८८५ च्या जानेवारीत, सात तारखेला, सणाचा दिवस असूनही कामावर यायचा हुकूम निघाला, आणि त्या सकाळी गिरणी थांबली. सुमारे आठ हजार माणसे बाहेर पडली. व्यवस्थापकाचे घर आणि उधारीवर महाग पीठ विकणारे गिरणीचे दुकान त्यांनी फोडले. त्यांचे पुढारी प्योत्र मोइसेयेन्को आणि व्हासिली व्होल्कोव्ह हे दोघे विणकर. मोइसेयेन्को एकदा सैबेरियाची सजा भोगून आलेला होता, आणि त्याने दंगलीला आवर घालून मागण्या कागदावर लिहवल्या. गव्हर्नर आला, पाठोपाठ कोसॅक घोडदळ आले, सहाशेंवर कामगारांना पकडून बहुतेकांना त्यांच्या गावी पाठवून देण्यात आले. कारखान्यातून हाकललेल्या माणसाला शिक्षा म्हणून गावी पाठवायचे, ही कल्पना त्याच राज्यात सुचू शकते जेथे गाव हाच तुरुंग मानला गेला आहे.

पुढच्या वर्षी व्लादिमीर येथे खटला उभा राहिला. गिरणीच्या वह्या, दंडांचे हिशेब, दुकानाचे भाव हे सगळे पंचांपुढे वाचले गेले, आणि पंचांसमोर ठेवलेल्या एकशे एक प्रश्नांपैकी प्रत्येकाचे उत्तर ‘दोषी नाही’ असे आले. राजघराण्यातल्या आनंदाच्या प्रसंगी एकशे एक तोफा उडवण्याचा शिरस्ता होता. सरकारपक्षीय संपादक काट्कोव्ह याने संतापून लिहिले की व्लादिमीरला रशियात अवतरलेल्या कामगार प्रश्नाच्या सन्मानार्थ एकशे एक तोफांची सलामी झाली. टोला नेमका बसला. ३ जून १८८६ च्या कायद्याने दंडांवर मर्यादा आली, आणि दंडाचा पैसा मालकाने न घेता कामगारांच्याच निधीत जमा करावा असे ठरले. मोइसेयेन्कोला मात्र निर्दोष सुटल्यावरही पोलिसी हुकुमाने अर्खान्गेल्स्कला धाडण्यात आले. पंचांचा निवाडा एक आणि पोलिसांचा निवाडा दुसरा, असे हे राज्य होते. १८९६ साली पीटर्सबर्गच्या सुती गिरण्यांतले तीस हजार कामगार बाहेर पडले, तेव्हा पुढल्या वर्षी साडेअकरा तासांच्या दिवसाचा कायदा झाला. संप हा गुन्हा होता, संघ काढणे हा गुन्हा होता, तरी प्रत्येक सुधारणा संपाच्याच पाठीवर बसून आली, आणि ही गोष्ट कामगारांच्या ध्यानात राहिली.

सरकारला कारखाना हवा होता. कारखान्याबरोबर येणारा माणूस नको होता. या विसंगतीचा सर्वांत हास्यास्पद आविष्कार म्हणजे मॉस्कोच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झुबातोव्ह याने स्वतःच काढलेल्या कामगार संघटना. १९ फेब्रुवारी १९०२ रोजी, भूदासमुक्तीच्या वाढदिवशी, या पोलिसी संघटनांनी सुमारे पन्नास हजार कामगार क्रेमलिनमधल्या दुसऱ्या अलेक्झांडरच्या पुतळ्यापुढे नेऊन उभे केले. तीन वर्षांनी, ९ जानेवारी १९०५ रोजी, पीटर्सबर्गच्या पुतिलोव्ह कारखान्यातून पसरलेल्या संपाचे लोक पाद्री गापोनच्या मागून, हाती झारची चित्रे घेऊन, हिवाळी राजवाड्याकडे निघाले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. विट्टे तोवर अर्थखात्यातून दूर झाला होता. १९०० च्या मंदीने आणि जमीनदारांच्या कुजबुजीने त्याचा बळी घेतला होता.

मोरोझोव्ह घराण्याची तिसरी पिढी या काळात मॉस्कोत नाटकगृह बांधीत होती. तिमोफेयचा मुलगा, आजोबाचेच नाव मिरवणारा सावा, केंब्रिजला रसायनशास्त्र शिकून आला होता. त्याने पदरच्या पैशाने कलारंगभूमीसाठी इमारत उभी करून दिली, आणि त्या रंगमंचावर १९०४ च्या जानेवारीत चेखोव्हचे ‘चेरीची बाग’ प्रथम झाले, ज्यात भूदासाचा मुलगा लोपाखिन, बापजाद्यांच्या धन्याची बाग लिलावात घेतो. त्या रात्रीच्या प्रेक्षकांपैकी कितीजणांच्या मनात यजमानाच्या आजोबांचा विचार आला असेल कोण जाणे. हाच सावा बोल्शेव्हिकांच्या वर्तमानपत्रालाही पैसे पुरवी. १९०५ च्या त्या गोळीबारानंतर गिरणीच्या कारभारात कामगारांना वाटा द्यावा असे तो म्हणू लागला, तेव्हा त्याच्या आईने त्याला कारभारातून दूर केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात फ्रान्सच्या कान शहरात एका हॉटेलात तो छातीत गोळी लागून मेलेला आढळला. ती कोणाच्या हातची, यावर अजून वाद आहे.

१९०७ पासून मुक्तीचे हप्ते माफ झाले. पंतप्रधान स्तोलीपिनने मीर मोडून शेतकऱ्याला स्वतंत्र खातेदार करण्याचा घाट घातला, त्याला १९११ मध्ये कीव्हच्या नाटकगृहात गोळी घालण्यात आली. १९१२ मध्ये सैबेरियातल्या लेनाच्या सोन्याच्या खाणीत संपकऱ्यांवर गोळीबार होऊन शेकडो माणसे पडली आणि संपांची लाट पुन्हा उठली. मग महायुद्ध आले. पहिली गोष्ट सरकारने केली ती दारूबंदी, म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा स्वतःच्या हाताने बंद. पुरुष आघाडीवर गेले, आगगाड्या फौजेच्या दिमतीला लागल्या, आणि तिसऱ्या हिवाळ्यात अशी अवस्था आली की सैबेरियात व दक्षिणेत धान्य पडून होते, पण ज्या लोहमार्गांसाठी आजवर ते धान्य विकले गेले त्याच लोहमार्गांवरून ते राजधानीला पोहोचेना. पेट्रोग्राडमध्ये, म्हणजे नाव बदललेल्या पीटर्सबर्गमध्ये, बायका पहाटेच्या काळोखात पावासाठी रांगा लावीत, आणि दिवसभर गिरणीत उभ्या राहत. २२ फेब्रुवारी १९१७ रोजी पुतिलोव्ह कारखान्याला टाळे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायबोर्ग भागातल्या सूतगिरण्यांतल्या स्त्रिया काम टाकून गल्लीत उतरल्या, पाव हवा म्हणून ओरडत पुढे निघाल्या, आणि नोबेलच्या यंत्रशाळेपाशी आल्यावर हात उंचावून आतल्या पुरुषांना हाका मारू लागल्या. खिडक्यांवर बर्फाचे गोळे येऊन आदळू लागले. थोड्या वेळाने आतली यंत्रे थांबली आणि फाटक उघडले.